दाखला एकच, फाईल वेगळी

तहसील कार्यालयात ज्याने एकदा तरी खेटे घातले आहेत, त्याला ही गोष्ट ठाऊक आहे. उत्पन्नाचा दाखला एकच असतो. तो मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फाईलला लागला तर तिला शिष्यवृत्ती मिळते आणि म्हाताऱ्या आईच्या निराधार योजनेच्या फाईलला लागला तर तिचे महिन्याचे अनुदान सुरू होते. दाखल्यावरची सही तीच, गोल शिक्का तोच, आकडाही तोच. मग मुलीला अनुदान आणि आईला शिष्यवृत्ती असा घोटाळा का होत नाही? कारण तो कागद सुटा फिरत नाही. तो एका फाईलमध्ये, ठराविक कागदांच्या शेजारी, टॅगने बांधलेला असतो. कोणत्या फाईलला लागला यावर त्याचा उपयोग ठरतो.

आमच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असाच कारभार चालतो, हे आम्हांस फार उशिरा कळले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वाशीमला कारकुनी करण्यात आणि वस्तीतली चार कामे करण्यात आमचे दिवस जातात. जमा-खर्च विचारा, सांगू. पेशीचे शास्त्र आमच्या वाटेला कधी आले नव्हते. ते समजून घेण्याची वेळ आली ती एका चूर्णाच्या डब्यामुळे.

मध्यंतरी आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात एका कंपनीचे एजंट आले होते. सफारी, टाय, भिंतीवर दाखवायला रंगीत चित्रे. ते म्हणाले, "माणसाचे सगळे आजार पेशींचे सिग्नल कमी झाल्यामुळे होतात. आमच्या चूर्णाने सिग्नल वाढतात. सिग्नल वाढले की साखर राहत नाही, सांधे राहत नाहीत, कॅन्सरसुद्धा राहत नाही." एका डब्याची किंमत गवंडीकाम करणाऱ्या माणसाच्या आठ दिवसांच्या मजुरीएवढी होती, आणि डबे तीन घ्यायचे होते. वस्तीतल्या एका गवंडी बांधवाने पैशांची जुळवाजुळव सुरू केली. त्यांच्या घरी वहिनींना साखरेचा आजार आहे. चूर्ण सुरू केल्यावर गोळ्या बंद करता येतील, असेही कोणीतरी त्यांना सांगितले होते.

आमची पुतणी अकोल्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. सुट्टीत घरी आली तेव्हा आम्ही तिला विचारले, "हे पेशींचे सिग्नल म्हणजे काय ग? आणि ते वाढवले की बरे वाटते हे खरे का?" ती म्हणाली, "काका, सिग्नल खरे आहेत. पण नुसते वाढवून काय होणार? तुमच्या ऑफिसात शिक्के दुप्पट मारले म्हणजे कामे दुप्पट होतात का?" त्यानंतर तीन संध्याकाळी तिने आम्हांस जे समजावले आणि आम्ही जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आपले शरीर पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशीला बाहेरून सतत निरोप येत असतात : साखर आत घे, आता वाढ, आता थांब, शत्रू आला आहे, तयारी कर. निरोप आणणारा पदार्थ बहुधा दारातच थांबतो. पेशीच्या आवरणावर त्याला ओळखणारे प्रथिन असते. ते आतल्या प्रथिनाला कळवते, ते पुढच्याला, ते त्याच्या पुढच्याला. कळवण्याची एक नेहमीची रीत म्हणजे पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक कण चिकटवणे. हा जणू शिक्काच. शिक्का बसला की ते प्रथिन कामाला लागते आणि पुढच्यावर शिक्का मारते. असे शिक्के मारणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. माणसाच्या शरीरात त्यांचे ५०० हून अधिक प्रकार आहेत.

पाचशे ऐकायला पुष्कळ वाटतात, पण पेशीला येणारे निरोप आणि द्यायची उत्तरे याहून कितीतरी जास्त. म्हणून एकच कायनेज अनेक कामांत वापरले जाते. अडचण इथेच उभी राहते. 'वाढ' या निरोपातही तेच प्रथिन आणि 'थांब' या निरोपातही तेच, तर त्याने शिक्का मारल्यावर पुढे नेमके कोणते काम व्हावे? पेशी काही कोरडी खोली नव्हे. आत पाण्यासारख्या दाट रसात हजारो प्रथिने एकमेकांना घासून फिरत असतात. चुकीच्या माणसाला शिक्का लागायला कितीसा वेळ?

या कोड्याचे उत्तर आधी सापडले ते पावाच्या बेकरीत वापरतात त्या यीस्टमध्ये. पाव फुगवणारे यीस्ट हा एकपेशीय जीव आहे. त्याच्या दोन जाती असतात, 'ए' आणि 'अल्फा'. जोडीदाराच्या जातीचा वास आला की यीस्टची पेशी आपले विभाजन थांबवते आणि त्या दिशेने चोच काढल्यासारखी लांब होते. हा झाला पहिला निरोप. दुसरा निरोप मिठाचा. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांचे पाणी सुटते, तसे बाहेर मीठ वाढले की यीस्टमधलेही पाणी ओढले जाते. ते रोखण्यासाठी पेशी आत ग्लिसरीन तयार करते आणि पाणी धरून ठेवते. दोन निरोप अगदी भिन्न आणि त्यांची उत्तरेही भिन्न. पण दोन्ही साखळ्यांत एक कायनेज समाईक आहे. त्याचे नाव स्टे-११. हाच तो आमचा उत्पन्नाचा दाखला!

१९९४ साली अमेरिकेत एलेन इलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की जोडीदाराच्या साखळीत स्टे-५ नावाचे एक लांबट प्रथिन आहे. ते स्वतः शिक्का मारत नाही. ते स्टे-११ ला, त्याच्यापुढच्या स्टे-७ ला आणि शेवटच्या फ्यूस-३ ला एकाच ठिकाणी धरून ठेवते. तिघे शेजारी शेजारी बसले की पहिला दुसऱ्यावर आणि दुसरा तिसऱ्यावर शिक्का मारतो, निरोप इकडेतिकडे सांडत नाही. त्याच वर्षी इतर प्रयोगशाळांनीही हेच दाखवले. पुढे १९९७ साली कळले, की मिठाच्या साखळीत पीबीएस-२ नावाचे प्रथिन असेच धरून ठेवण्याचे काम करते आणि शिवाय स्वतः शिक्काही मारते. म्हणजे स्टे-११ दोन फाईलींत जातो, पण प्रत्येक फाईलमध्ये त्याचे शेजारी निराळे आणि म्हणून निकालही निराळा.

अशा धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना शास्त्रज्ञांनी जे नाव दिले, त्याचा अर्थ आपल्या गवंडी बांधवांना सांगायला नको. त्यांनी त्यांना परांची म्हटले. भिंत बांधताना बांबूची परांची उभी करतात. परांची विटा रचत नाही, पण गवंडी, मजूर आणि मालाचे घमेले योग्य उंचीवर एकत्र आणते. तसेच हे.

मात्र प्रत्येक उपमा थोडे अंतर चालते आणि थांबते. परांची आणि फाईल या निर्जीव वस्तू आहेत, परांची-प्रथिन तसे नाही. २००९ साली असे आढळले की स्टे-५ नुसते धरून ठेवत नाही. फ्यूस-३ एकटा असताना त्याच्यावर स्टे-७ चा शिक्का नीट बसतच नाही. स्टे-५ चा एक भाग त्याला अशा स्थितीत आणतो की शिक्का बसू शकेल. म्हणजे ही फाईल कागदाची घडी उघडून, सहीची जागा वर करून साहेबांसमोर धरते. अशी फाईल आमच्या कार्यालयात असती तर कितीतरी प्रकरणे निकाली निघाली असती!

निरोपाचा अर्थ परांची ठरवते, हे इतक्या खात्रीने कशावरून म्हणायचे? २००३ साली कॅलिफोर्नियात वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेने याची परीक्षाच घेतली. त्यांनी स्टे-५ आणि पीबीएस-२ यांचे भाग जोडून एक मिश्र परांची तयार केली. तिचे तोंड जोडीदाराच्या निरोपाकडे आणि शेवट मिठाच्या उत्तराकडे. शिष्यवृत्तीच्या फाईलचे पहिले पान आणि निराधार योजनेच्या फाईलचे शेवटचे पान एकत्र बांधावे तसे. अशा यीस्टला जोडीदाराचा वास दिला, तर त्याने मिठापासून बचावाची साखळी सुरू केली. शिक्के मारणारे तेच राहिले, फक्त बांधणी बदलली आणि निरोपाचा अर्थ बदलला.

आता चूर्णवाल्यांच्या 'वाढवा, वाढवा' या म्हणण्याकडे वळू. समजा परांची-प्रथिन चांगले, तर ते भरपूर वाढवले म्हणजे निरोप जोरात जाईल, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलटी असू शकते. २००० साली तीन संशोधकांनी याचे गणित मांडले. कारकुनाला ते चटकन समजते. एका प्रकरणाला तीन कागद लागतात : अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. फाईल एक असेल तर तिन्ही कागद तिच्यात लागतील आणि काम होईल. पण टेबलावर तीस कोऱ्या फाईली ठेवल्या तर? अर्ज एका फाईलला लागेल, दाखला दुसऱ्या, झेरॉक्स तिसऱ्या. कागद सगळे आले, फाईली भरपूर, आणि एकही प्रकरण पूर्ण नाही. पेशीत परांची फार झाली तर असेच होते. साखळीतले शिक्केवाले निरनिराळ्या परांच्यांवर एकेकटे बसून राहतात आणि निरोप मंदावतो. प्रत्यक्ष उदाहरणही आहे. जेआयपी-१ नावाचे प्रथिन १९९७ साली प्रथम ओळखले गेले ते निरोप अडवणारे म्हणून, कारण पेशीत ते जास्त घातले की साखळी थांबत होती. वर्षभरानेच कळले की ते मुळात त्याच साखळीची परांची आहे. तेच प्रथिन प्रमाणात असेल तर निरोप पोचवते आणि अती झाले तर अडवते.

हे झाले शास्त्रज्ञांचे प्रयोग. आपल्या घरच्या आजारांशी याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे. साखरेच्या आजाराचेच घ्या. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की इन्सुलिन स्नायूंच्या पेशींच्या दारावर येते. दारावरचे प्रथिन आत आयआरएस नावाच्या प्रथिनावर शिक्के मारते. १९९१ साली याची रचना उलगडली. आयआरएस हे बैठकीच्या ओट्यासारखे आहे. शिक्के बसले की पुढचे कामकरी त्याच्याभोवती जमतात आणि शेवटी साखर आत घेणारी दारे पेशीच्या आवरणावर येतात. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन असूनही निरोप मध्येच क्षीण होतो, आणि तो क्षीण होण्याच्या जागांपैकी ही एक आहे. म्हणजे इथे निरोप कमी पडतो.

उलट मोठ्या आतड्याचा कर्करोग पाहा. आतड्याच्या पेशींत ॲक्सिन नावाचे परांची-प्रथिन आहे. एपीसी या दुसऱ्या प्रथिनाच्या साथीने ते 'वाढा' असा हुकूम देणाऱ्या बीटा-कॅटेनिनला पकडते, त्याच्यावर शिक्के मारवून घेते आणि नष्ट करायला पाठवते. या परांचीचे कामच निरोप दाबून ठेवण्याचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठींत एपीसीचे जनुक बिघडलेले सापडते. मग हुकूम नष्ट होत नाही, साचत जातो आणि पेशी वाढतच राहतात. म्हणजे इथे निरोप जास्त झाला हाच आजार. एका घरात साखरेचा रुग्ण आणि दुसऱ्या घरात आतड्याच्या कर्करोगाचा रुग्ण असेल, तर 'सिग्नल वाढवणारा' एकच डबा दोघांना कसा चालेल?

आपल्या महाराष्ट्रातच या विषयावर मोलाचे काम झाले आहे, ते बहुतेकांना माहीत नसेल. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. भास्कर साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लीशमेनिया या परजीवीचा अभ्यास केला. वाळूमाशीच्या चाव्यातून येणारा हा जीव. त्याच्या एका जातीमुळे बिहारकडे काळा आजार होतो. पुण्याचा अभ्यास त्वचेवर व्रण करणाऱ्या दुसऱ्या जातीवर होता. जंतूंना गिळून मारणाऱ्या ज्या भक्षक पेशी आपल्या शरीरात असतात, त्यांच्याच पोटात हा परजीवी घर करतो. चोराने पोलीस चौकीत बिऱ्हाड करावे तसे.

भक्षक पेशीच्या दारावर सीडी-४० नावाची एक घंटा असते. शरीराचे दुसरे सैनिक ती वाजवतात. घंटा एकच, पण तिच्यापासून आत दोन वाटा फुटतात. एका वाटेने गेलेला निरोप 'लढा' असे सांगणारे रसायन बाहेर टाकतो, तर दुसऱ्या वाटेने गेलेला 'शांत राहा' असे सांगणारे. निरोगी पेशीत लढण्याचे रसायन निघते, परजीवी शिरलेल्या पेशीत शांततेचे. २००४ साली या गटाने दोन्ही वाटा एकमेकींना कशा ताणून धरतात ते दाखवले. मग २००९ साली त्याचे कारण पुढे आले. पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉलने घट्ट झालेले तराफ्यासारखे तुकडे असतात. लढण्याच्या निरोपाला लागणारी जोड-प्रथिने घंटेजवळ जमतात ती या तराफ्यावर. परजीवी आवरणातले कोलेस्टेरॉल कमी करतो, तराफा मोडतो, आणि घंटेजवळ दुसरीच जोड-प्रथिने जमतात. घंटा वाजतच राहते, पण आत पोचतो तो 'शांत राहा' हा निरोप. परजीवीने ना घंटा फोडली ना वाजवणाऱ्याला मारले. त्याने फक्त बैठकीची जागा बिघडवली.

कोलेस्टेरॉलचे नाव वाचून कोणी तेल-तुपाचा हात सैल करू नये. रक्ताच्या तपासणीत येणारा आकडा वेगळा आणि पेशीच्या आवरणातला हा बारीक हिशेब वेगळा. इतकेच ध्यानात घ्यावे, की ज्याला आपण सरसकट वाईट म्हणतो तेही योग्य जागी, योग्य प्रमाणात जिवाच्या कामाचे असते.

हे सगळे आम्ही त्या गवंडी बांधवांच्या ओट्यावर बसून आमच्या तोडक्या-मोडक्या भाषेत सांगितले. यीस्टची नावे त्यांना लक्षात राहिली नाहीत आणि राहायची गरजही नव्हती. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "भाऊ, म्हणजे परांची जास्त बांधली म्हणून भिंत उंच होत नाही. उलट रस्ताच अडतो." आम्हांस जे सांगायला तास लागला, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी साखर तपासली, गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, एका गोळीची वेळ बदलून दिली आणि चूर्णाच्या कागदावर आत काय आहे ते लिहिलेलेच नाही, हे बोट ठेवून दाखवले. डबे घेतले गेले नाहीत. ते पैसे मुलाच्या आयटीआयच्या फीसाठी राहिले.

बंधुभगिनींनो, पूर्वी अंगारे-धुपारे विकणारा माणूस अंगारेवाल्यासारखाच दिसत असे. त्याला ओळखणे सोपे होते. आता विकणारा विज्ञानाचे शब्द बोलतो. पेशी, सिग्नल, प्रथिने हे शब्द खरे आहेत, म्हणून त्याचे म्हणणेही खरे वाटते. अशा माणसाला घाबरू नका आणि त्याच्याशी भांडूही नका. त्याला तीन प्रश्न विचारा. कोणत्या पेशीतला, कोणता सिग्नल वाढतो? तो माझ्या आजारात कमी झालेला आहे की आधीच जास्त झालेला आहे? आणि चूर्णात नेमके काय, किती आहे, हे डब्यावर छापलेले आहे का? ज्याच्याकडे उत्तर असेल तो सांगेल. ज्याच्याकडे नसेल तो विषय बदलेल आणि इनामाच्या मोटारसायकलचे चित्र दाखवू लागेल. काहीही घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, आणि चालू असलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून स्वतःहून बंद करू नका.

आणखी एक विनंती आई-वडिलांना. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेते म्हटले की 'यीस्ट आणि जंतू शिकून नोकरी कुठे लागणार?' असे आपण म्हणतो. नोकरीचा प्रश्न खराच आहे, तो आम्ही हलका मानत नाही. पण ज्या वस्तीत एक तरी पोरगी हे शास्त्र शिकलेली असते, तिथे विज्ञानाच्या नावाने खोटा डबा विकणाऱ्याला प्रश्न विचारणारे कोणीतरी असते. सुट्टीत ती घरी आली की तिला स्वयंपाकाबरोबर हेही विचारा, की बाई ग, या वर्षी काय शिकलीस, आम्हांलाही सांग.